जुळवाजुळव

इलेक्ट्रिक गिटार मी ‘बनवली’ असं सांगताना माझी जीभ अजूनही जराशी अडखळते. धड कापून, आतले खळगे कोरून आलेलं. मान तयार, पडदे ठोकलेली, पोटात लोखंडी गज बसवलेली. तारांची कंपनं टिपणारे पिकअप कुणीतरी गुंडाळलेले, खुंट्या कुठल्यातरी कारखान्यात ओतलेल्या, घोडीसुद्धा आयतीच. मग मी काय केलं? रंग दिला, स्क्रू पिळले, दहा-बारा ठिकाणी सोल्डरचे डाग दिले. सुतारकाम येणाऱ्या एका मित्राने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे कपाटाचे सुटे भाग जोडतात, तसंच ना?”

“तसंच,” मी म्हणाले. वाद घालायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं. धड अजून कोरं होतं.

तसं पाहिलं तर ही जातच जन्माला सुटी आली. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५० साली त्याने बाजारात आणलेली गिटार म्हणजे लाकडाची एक भरीव फळी आणि तिला चार स्क्रूंनी आवळलेली मान. तोवर चांगल्या गिटारची मान धडात सरसाने चिकटवत. ती बिघडली की कारागिराकडे जायचं आणि वाट बघत बसायचं. इथे मान झिजली, वाकली, तर चार स्क्रू काढा आणि दुसरी लावा. या गिटारचं नाव आधी ‘ब्रॉडकास्टर’ होतं. जवळजवळ त्याच नावाचे ड्रम दुसरी एक कंपनी विकत होती, तिने हरकत घेतली. मग १९५१ मध्ये काही महिने नुसतं ‘फेंडर’ एवढंच छापलेल्या, बिननावाच्या गिटारी बाहेर पडल्या आणि शेवटी ‘टेलिकास्टर’ हे नाव ठरलं. त्या काळच्या मानांच्या टाचेवर, म्हणजे धडाच्या खाचेत बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा आणि आद्याक्षरं सापडतात. सांधा उघडल्याशिवाय ती दिसत नाहीत. कारखान्यातसुद्धा माना घासणारे वेगळे, तारा गुंडाळणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे. ‘ही मी बनवली’ असं म्हणू शकेल असा तिथे तरी कोण होता?

दुसऱ्या टोकाला ब्रायन मे. पुढे क्वीन या रॉक बँडमध्ये गाजलेली त्याची गिटार त्याने १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच घडवली. मानेसाठी जुन्या शेकोटीवरच्या फळीचं महोगनी, घोडीखाली मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, मानेवरच्या ठिपक्यांना शिंपल्याची बटणं, सूर हलवायच्या दांड्याच्या टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. सुमारे दोन वर्षं काम चाललं. त्याने पिकअपसुद्धा स्वतः गुंडाळले होते, पण त्यांचा आवाज त्याला पसंत पडेना, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे तयार विकत आणून बसवले. हे वाचलं तेव्हा मला अगदी हायसं वाटलं. आणि या दोघांच्या मधोमध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन. कारखान्यात बाजूला पडलेलं धड, तशीच मान, जुन्या गिब्सन गिटारमधून काढलेला एक पिकअप. काळ्या रंगावर चिकटपट्ट्या लावून मारलेला पांढरा, पुढे १९७९ मध्ये त्यावर लाल, आणि रंग सायकलचा. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या गिटारींपैकी एक अशी जमवाजमव करून झाली आहे. मी काही एडी नाही. पण कपाटाचे सुटे भागही नव्हेत हे.

माझं धड ॲश नावाच्या लाकडाचं. टेलिकास्टरच्या आकाराचं, एकाच बाजूला शिंग असलेलं. खोक्यातून काढल्याबरोबर पहिलं काम केलं ते मान खाचेत सरकवून पाहिली. जराशी घट्ट गेली, आणि मान धरून उचललं तर स्क्रू नसतानाही धड खाली पडलं नाही. या एका क्षणासाठी सगळा खटाटोप करावा असं तेव्हा वाटलं. मान परत काढली तर टाचेवर पेन्सिलीची खूण. ७ सारखं काहीतरी आणि शेजारी बरोबरची टिकली. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी तपासून पुढे ढकललं होतं.

‘तयार’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. धडावर यंत्राच्या पात्याच्या बारीक लाटा होत्या. सपाट भागावर बोटाला कळत नव्हत्या, शिंगाच्या वळणावर मात्र उजेडात तिरपं धरलं की स्पष्ट दिसत. आणि लाकडात जे काही दिसतं ते रंगाखाली दुप्पट दिसतं. १२० च्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग १८०, २४०, ३२०. मध्येच ओल्या फडक्याने पुसायचं म्हणजे दबलेले तंतू पाण्याने फुगून उभे राहतात, वाळले की ते पुन्हा घासून टाकायचे. हे आत्ता केलं नाही तर ते रंगाच्या पहिल्या हाताने उभे राहतात आणि पृष्ठभाग मांजराच्या जिभेसारखा होतो. ॲशला आणखी एक खोड असते. तिच्या नसा उघड्या असतात, सुईने टोचल्यासारख्या भोकांच्या रांगाच्या रांगा. एकसारखा रंग हवा असेल तर त्या बुजवाव्या लागतात. पातळ लांबी (पुट्टी) लाकडाच्या रेषांना आडवी चोळायची, वर राहिलेली खरडून काढायची, वाळू द्यायची, घासायची आणि हे सगळं परत करायचं. मी दोनदा भरली. तिसऱ्यांदा भरायला हवी होती. शिंगाच्या टोकाशी लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे ते स्ट्रॉने ओढल्यासारखं सगळं पिऊन टाकतं.

रंगाचं ठरवायला मला सगळ्यात कमी वेळ लागला. फिकट निळा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरने जे खास रंग देऊ केले ते मुळात मोटारींचे होते. ‘फिएस्टा रेड’ फोर्डच्या थंडरबर्डवरून आला, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकवरून. मोटारींसाठी रंग तयारच होता, तो यांनी गिटारींवर मारला. तिथेही जोडकामच.

मानेच्या जागी, धडाच्या खाचेत, एक लांब काठी दोन स्क्रूंनी पक्की केली. रंग देताना तीच मूठ, वाळत टाकताना तिलाच तार बांधून धड टांगायचं. रंग उघड्यावर द्यायचा, तोही द्रावकाच्या वाफा अडवणारा गाळणीच्या डब्यांचा मुखवटा लावून. साधं फडकं बांधून भागत नाही. मी नायट्रोसेल्युलोज लॅकर घेतलं होतं. त्याचा गुण असा की प्रत्येक नवा हात आधीच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळतो, थरावर थर न बसता सगळा मिळून एकच थर होतो. अवगुण असा की तो हवेला फार लवकर रुसतो. पहिल्याच दिवशी हवा दमट होती आणि मी घाईत होते. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंगात अडकतं. दहा मिनिटांत माझ्या निळ्यावर दुधाची साय आली. कोरड्या दिवशी वरून एक हलका हात दिल्यावर ती आपोआप गेली. मधले चार दिवस मी मात्र साय धरल्यासारखीच वावरत होते.

हात कसा द्यायचा हे कितीही वाचलं तरी मनगटाला उशिरा कळतं. कॅन वीतभर लांब. फवारा धडाच्या बाहेर सुरू करायचा, न थांबता धडावरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचा. मध्ये थबकलात की संपलं. मी कमरेच्या वळणाशी थबकले. रंगाचा एक जाडसर थेंब काठावर जमला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि सावकाश खाली निघाला. अशा वेळी बोट लावायचं नाही. मी लावलं. (लावल्याशिवाय राहिलेला माणूस मला भेटायचा आहे.) मग ओघळ आणि ठसा दोन्ही पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागलं. त्यावरचा उपाय मला फार आवडला. दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, मधली बोटभर धार तेवढी उघडी ठेवायची. पट्टीच्या जाडीमुळे पातं रंगापासून किंचित वर राहतं आणि खरडताना फक्त उंचवटा कापला जातो. निळ्या रंगाच्या केसासारख्या कातरणी निघत होत्या. ओघळ गेला. ठशाच्या दोन रेघा, नीट बघितलं तर, अजून आहेत.

रंगावर पारदर्शक लॅकरचे हात, आणि मग नुसतं थांबणं. स्पर्शाला लॅकर तासाभरात वाळतं, पण आतून कडक व्हायला आठवडे घेतं. त्याची परीक्षा नाकाने करतात. धडाला नाक लावायचं, द्रावकाचा वास येतोय तोवर ते कच्चं. मी रोज नाक लावत होते. घरच्यांनी याबद्दल काही विचारलं नाही, तेही बरंच झालं.

चौथा आठवडा संपल्यावर पाणी लावून घासायला बसले. १००० चा कागद, साबणाचं पाणी, हाताखाली सपाट रबराचा ठोकळा. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे हळूहळू जाऊन धड एकसारखं मंद दिसू लागतं. कागदाखालून येणारं पाणी दुधी असतं, ती घासलेल्या पारदर्शक थराची पूड. हे दुधी पाणी पुसायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. पाठ झाली, समोरचा भाग झाला. शिंगाच्या कडेवर आले आणि ठोकळा बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी घासू लागले, कारण कड गोल आहे, तिथे ठोकळा बसत नाही. तीन-चार वेळा हात फिरला असेल. पाणी निळं झालं.

एवढंच. आवाज नाही, ओरखडा नाही, फक्त पाण्याचा रंग बदलला. म्हणजे पारदर्शक थर संपून मी रंगात शिरले होते. पुसून पाहिलं तर नखाएवढ्या जागेत निळा विरळ झाला होता आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं अस्तर. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि बोटाचा सगळा दाब एका रेषेवर येतो. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. माहीत असणं आणि बोटांना माहीत असणं यांत चार आठवड्यांचं अंतर निघालं. तेवढीच जागा पुन्हा रंगवली, पुन्हा थांबले, पुन्हा नाक लावलं. लॅकर लॅकरमध्ये मिसळलं, पण छटा नेमकी जुळली नाही. दिव्याच्या उजेडात जुळते, उन्हात जुळत नाही.

आणि एवढं करून मान बसवायला गेले तर ती खाचेत जाईना. खाचेच्या भिंतींवर चिकटपट्टी लावायची राहिली होती. जिथे आधी कागद जाईल एवढीही जागा नव्हती, तिथे मी रंगाचे थर चढवून ठेवले होते. तसंच दाबलं असतं तर खाचेच्या कोपऱ्यांशी रंग तडकला असता. पटाशी आडवी धरून भिंती खरवडल्या, पुन्हा कोऱ्या लाकडापर्यंत. रंगाच्या आधी जे बिनबोभाट जुळत होतं, ते मीच बिघडवून मीच परत जुळवलं.

चार स्क्रूंचीही एक गंमत आहे, जी मला सांध्यात फट दिसल्यावरच कळली. स्क्रूने धडाला पकडायचं नसतं. धडातलं भोक त्याला सैल हवं, आटे फक्त मानेत बसले पाहिजेत, म्हणजे स्क्रूचा माथा धडाला दाबतो आणि टोक मानेला ओढून आणतं. आटे दोन्हीकडे बसले तर कितीही पिळा, जेवढी फट सुरुवातीला होती तेवढीच शेवटपर्यंत राहते. धडातली भोकं किंचित मोठी केली, आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळलं (मानेचं मेपल लाकूड कडक, कोरडा स्क्रू त्यात मध्येच तुटू शकतो), आणि शेवटच्या पिळाला सांधा मिटला. तोंड मिटतं तसा.

वायरिंगचं फार सांगत नाही. दोन पिकअप, एक तीन जागांचा स्विच, २५० किलोओमचे दोन पॉट (फिरवायच्या बटणांखालचे), एक कपॅसिटर, केबल खुपसायचा एक जॅक. शाळेतल्या विज्ञानाएवढंच. पॉटची पाठ तेवढी सोल्डर घेत नाही, ती आधी पॉलिश पेपरने खरवडावी लागते. भुणभुण कमी व्हावी म्हणून खळगे तांब्याच्या पत्र्याने मढवले, घोडीखालून एक तार आणून त्याच पत्र्याशी जोडली. मल्टिमीटरने सगळं तपासलं. पिकअप सात किलोओमच्या आसपास, स्विच ठीक, अर्थिंग ठीक. केबल लावली, ॲम्प्लिफायर चालू केला.

काही नाही. भुणभुणसुद्धा नाही. केबल काढली, मल्टिमीटर लावला, सगळं ठीक. केबल लावली, शांतता. दोन संध्याकाळी मी डागांवर डाग देत बसले. तिसऱ्या दिवशी जॅक बाहेर काढून हातात धरला आणि प्लग आत घालताना सहज त्याच्याकडे पाहिलं. जॅकची पितळी पट्टी प्लगने ढकलली जाऊन बाहेर उसळते. आत बसवलेला असताना ती नेमकी माझ्या तांब्याच्या पत्र्याला जाऊन टेकत होती. प्लग नसताना सगळं बरोबर आणि वाजवायला जाल तेव्हाच आवाज जमिनीत. प्रत्येक भाग निर्दोष. दोष दोघांच्या मधल्या दोन मिलिमीटरमध्ये. चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर टिचकी मारली. टक्. इतका सुंदर टक् मी ऐकलेला नाही.

मराठीत लग्न जुळवतात, यमक जुळवतात, पैसे जुळवतात आणि तंबोराही जुळवतात. तारा चढवल्यावर या शब्दाचा हिशेब मला नीट लागला. मानेच्या वरच्या टोकाशी तारा जिथे टेकतात तिथपासून घोडीपर्यंत ६४८ मिलिमीटर. बारावा पडदा बरोब्बर अर्ध्यावर, ३२४ ला. प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या सुमारे अठराव्या हिश्शावर, नेमकं सांगायचं तर १७.८१७ ने भागून. पहिला ३६.४ मिलिमीटरवर, पुढची अंतरं आखडत जातात. हे गणित मान करणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं. पण ते खरं ठरतं फक्त घोडी जागेवर असेल तरच, आणि घोडीची भोकं मी पाडली होती. शिवाय पडद्यावर दाबताना तार ताणली जाते, स्वर थोडा चढतो, म्हणून जाड तारेला घोडीवर थोडी जास्त लांबी द्यावी लागते. माझ्या घोडीवर, पन्नासच्या दशकात असत तशा, पितळेच्या तीनच नळ्या आहेत. सहा तारा, तीन नळ्या. म्हणजे दोन-दोन तारांना एक नळी वाटून घ्यावी लागते. एका तारेचा बारावा पडदा बरोबर केला की शेजारणीचा बिघडतो. मग दोघींना थोडं थोडं चूक ठेवायचं. एक थोडी चढी, एक थोडी उतरी. कानाला खटकणार नाही इतपत.

आणि एवढं करूनही सूर पूर्ण खरे नसतातच. सप्तकाचे बारा सारखे भाग करताना प्रत्येक स्वराला थोडं हलवावं लागतं, गिटारचे पडदे तसेच बसवलेले असतात. षड्ज तेवढा जागेवर राहतो, पण गंधाराचं सरकणं ओळखायला सवयीचा कान लागतो. पडदे ठोकणाऱ्याने केलेल्या तडजोडीवर मी माझी तडजोड बसवत होते.

पहिले काही दिवस ती सारखी उतरत होती. नव्या तारा ताणत होत्या, मान नव्या ओढीला सरावत होती. सहा तारांची मिळून ओढ सुमारे ४५ किलोची, आणि ती कोरं लाकूड असलेल्या मानेवर अचानक आलेली. मानेच्या पोटातला गज पाव पिळ आवळला, दुसऱ्या दिवशी पाहिलं, पुन्हा थोडा. पण तारा पडद्यांपासून उंचच राहिल्या. पितळी नळ्या तळाला टेकल्या, आणखी खाली जायला जागा नाही. मान मागे किंचित कलली असती तर काम झालं असतं. यावर रूढ उपाय म्हणजे टाचेच्या मागच्या कडेखाली जाड कागदाचा तुकडा सरकवणं. मी तो सरकवला आणि वर्षभर तशीच वाजवली.

परवा तो सुतार मित्र आला. गिटार हातात घेतली, वाजवता येत नाही म्हणून उलटी केली, सांध्यावरून नख फिरवलं.

“आत काय घातलंस?”

“कागद.”

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन नको. “म्हणजे एका कडेवर टेकलीय, बाकी पोकळ. उघड.”

तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले. मान उचलल्यावर टाचेवरची ती ७ आणि टिकली जशीच्या तशी. खाचेच्या भिंतीवर माझ्या पटाशीचे ओरखडे, एका कोपऱ्यात निळ्याचा राहून गेलेला टवका. मित्राने मेपलच्या कपच्यातून खाचेच्या मापाची पाचर काढली, एका बाजूला अर्धा मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला शून्यावर येणारी. तासभर तो त्यातच होता. बसवायची, मान ठेवायची, उजेडात धरायची, पुन्हा घासायची. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने पाचरीवर एक बाण काढला. घोडीच्या दिशेला.

“पुढच्या वेळी उघडणारा उलटी बसवेल.”

“पुढच्या वेळी मीच उघडणार.”

“तेच म्हणतोय.”

त्याने मान बसवली, पहिला स्क्रू भोकात टाकला आणि पिळायला लागला. मी त्याचा हात धरला. मेण लावायचं राहिलं होतं.